पोटॅशियम नऊ पूर्णांक सहा

साहेब, चौदा तारखेला सकाळी सव्वाअकरा वाजता तुम्ही एका जित्याजागत्या माणसाला कागदावर मारलंत. खुर्चीतून उठला नाहीत, त्याची नाडी धरली नाहीत, त्याच्या तोंडाकडे नजर टाकली नाहीत. आकडा बघितलात, शिक्का उचललात आणि दाणकन हाणलात. ‘कामास अपात्र.’ आता तुम्ही म्हणाल, कोण माणूस, कसला कागद, समोरून रोज पन्नास जातात. म्हणूनच सगळं पहिल्यापासून सांगणं आलं. तुम्हाला ऐकायची सवय नाही हे ठाऊक आहे. तरी ऐका.

तो माणूस वजनमाप खात्यात काटे तपासतो. एकतीस वर्षं झाली. दुकानात शिरायचं, वीस किलोचं लोखंडी वजन दुकानदाराच्या काट्यावर ठेवायचं आणि काटा काय बोलतो ते बघायचं, हे त्याचं काम. दुकानदार तोंडावर ‘या साहेब, बसा साहेब’ म्हणतात आणि पाठ वळली की ग्रॅमकाका म्हणतात, कारण चार ग्रॅमांच्या फरकासाठी त्याने भर गर्दीत दुकानांची शटरं खाली ओढलेली आहेत. त्याच्याजवळ मखमली खणांची एक पेटी असते. तिच्यातली पितळी वजनं तो बोटांनी कधीच उचलत नाही. चिमट्याने उचलतो. बोटाचा घाम वजनात धरला जातो म्हणे. बायको म्हणते, “एवढं जपून माझा हात धरला असता तर मी कुठल्या कुठे गेले असते.”

या धंद्यातला एक नियम त्याच्या हाडीमाशी भिनलेला आहे. आकडा वेडावाकडा आला तर आधी मालावर संशय घ्यायचा नाही. आधी काट्यावर घ्यायचा.

दोन वर्षांपूर्वी वीस किलोचं वजन घेऊन जिना चढताना ग्रॅमकाकाला धाप लागली. पाय सुजले. तुम्ही ज्याचे मुख्य डॉक्टर आहात त्याच इस्पितळातल्या हृदयाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की हृदयाचा स्नायू जरा सैल पडलाय, घाबरायचं कारण नाही, गोळ्या घ्यायच्या. त्यातली एक बारकी गोळी अंगातलं पाणी काढणारी, पण पोटॅशियम धरून ठेवणारी होती.

“हे पोटॅशियम म्हणजे मीठच ना?” काकाने विचारलं.

“मिठाचाच भाऊबंद. हृदयाच्या प्रत्येक पेशीला दारं असतात, काका. पोटॅशियम, सोडियम, कॅल्शियम यांची त्यातून सारखी ये-जा चालते, म्हणून ठोका पडतो. मॅग्नेशियम दारावर राखण करतं.”

“किती लागतं?”

“एका लिटरमागे ग्रॅमचा सहावा हिस्सा, साधारण.”

“आणि त्याच्या दुप्पट झालं तर?”

“बंद पडेल.”

“निम्मं झालं तर?”

“तरीही बंद पडेल.”

ग्रॅमकाकाची छाती अभिमानाने फुगली. आयुष्यभर आपण जगातले सगळ्यात कडक तपासनीस समजत होतो, आणि आपल्याच बरगड्यांच्या आत आपल्याहून कडक साहेब बसलाय! त्या दिवसापासून तो बाईंच्या गोळ्या घड्याळ लावून घेऊ लागला. धाप गेली, सूज उतरली, वीस किलो पुन्हा एका हाताने उचलायला लागला. दोन वर्षं सगळं झकास.

मग खात्याची वार्षिक तपासणी आली. ती कुठे होते? तुमच्याकडे. सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग पात्रतेचा कागद घ्यायचा आणि कामाला जायचं, अशी दरवर्षीची रीत. काकाने रक्त दिलं. रक्त घेणाऱ्याला सगळे सुईवाला म्हणतात. माणूस गोड, तोंडाने सारखा बोलणारा. काका त्याच्याशी काही बोलला नाही, कारण सुई दिसली की ग्रॅमकाका डोळे मिटून मान भिंतीकडे फिरवतो. बाजार ज्याला चळाचळा कापतो तो माणूस एवढ्याशा सुईला भितो, हे घरात फक्त बायकोला माहीत. आणि आता तुम्हाला.

तासाभराने काका इस्पितळाच्या व्हरांड्यात उभा राहून केळं सोलत होता. पहिला घास घेतला तोच डॉक्टरीणबाई एक चाकाची खुर्ची ढकलत धावत आल्या.

“फेका! काका, ते केळं आधी फेका!”

काकाने दचकून केळं खिशात घातलं.

“तुम्ही उभे कसे आहात?”

“बाकावर जागा नाही म्हणून.”

“तसं नाही हो! तुमचं पोटॅशियम नऊ पूर्णांक सहा आलंय. कॅल्शियम चार, हवं त्याच्या निम्मं. पोटॅशियम पाच-साडेपाचच्या वर गेलं की आम्ही धावपळ करतो, आणि तुमचं नऊ पूर्णांक सहा! या आकड्याला माणूस...”

“माणूस काय?”

“माणूस केळं खात नसतो.”

खुर्चीत बसवून नेलं. छातीला तारा लावल्या, हृदयाचा आलेख काढला. आलेख असा सुरेख, की शाळेच्या फळ्यावर काढावा. बाईंच्या कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी तुम्हाला फोन लावला, साहेब. काका शेजारीच होता, सगळं ऐकत होता. बाई म्हणाल्या, “सर, आकडा आणि माणूस जुळत नाहीत.” तुम्ही काय म्हणालात आठवतं? “आकड्यावर उपचार करा, माणसाच्या चेहऱ्यावर नको. फार तर पुन्हा एकदा रक्त पाठवा.” पुन्हा रक्त घेतलं. कोणी? सुईवाल्यानेच. काकाने पुन्हा डोळे मिटले. आकडा आला नऊ पूर्णांक सहा. दोनदा तोच आकडा म्हटल्यावर बाई बिचाऱ्या काय बोलणार? बारकी गोळी बंद झाली. पोटॅशियम ओढून बाहेर काढणारी एक मातकट भुकटी दिवसातून तीनदा सुरू झाली. लघवीची जोरकस गोळी आली. आणि तुमचा शिक्का पडला. त्याच दिवशी खात्याने पेटी काढून घेतली, किल्लीसकट, मखमली खणांसकट.

घरी बायकोने राज्य हातात घेतलं. बाईंनी दिलेली यादी तिने फ्रिजवर चिकटवली आणि त्यात आपल्या चार गोष्टी घातल्या. केळं बंद. टोमॅटो बंद. संत्रं, पालक, मनुका, सुकामेवा बंद. बटाटा मात्र काकाचा जीव की प्राण, म्हणून त्याच्या फोडी पाण्यात भिजवायच्या, ते पाणी ओतायचं, दुसऱ्या पाण्यात उकळायच्या, तेही ओतायचं आणि मग वाढायच्या.

“अगं, हा बटाटा आहे का बटाट्याचं भूत?”

“गप गिळा. मला विधवा व्हायची हौस नाही.”

“मी ठणठणीत आहे!”

“कागद काय म्हणतो?”

काकाने बटाटा गिळला. एकतीस वर्षं हाच प्रश्न त्याने दुकानदारांना विचारला होता.

दुसऱ्या आठवड्यात मेहुणा आला. मेहुण्याला वाचनाचं वेड, पण वाचतो ते पहिलं आणि शेवटचं पान. त्याने टेबलावर एक गलेलठ्ठ डबा ठेवला.

“भाऊजी, सगळा घोळ सूक्ष्म खनिजांचा आहे. सेलेनियम कमी पडलं की हृदयाचा स्नायू फुगतो, मी स्वतः वाचलंय. लोह कमी पडलं की थकतो. यात सगळं आहे. सेलेनियम, तांबं, जस्त, लोह, कोबाल्ट. रोज चार.”

“एवढं सगळं पोटात घालून मी माणूस राहीन का भंगारचं दुकान होईन?”

“यात पोटॅशियम आहे का?” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

“आहे ना ताई! सगळंच आहे!”

पुढच्या क्षणी डबा जिन्यात होता आणि त्याच्या मागोमाग मेहुणाही.

दर आठवड्याला तुमच्याकडे रक्त जायचं. नऊ पूर्णांक एक. मग आठ पूर्णांक सहा. मग आठ पूर्णांक दोन. “उतरतंय हो, उतरतंय!” बायको हरखून जायची आणि भुकटीचा चमचा आणखी शिगोशीग भरायची. काकाचं मात्र काही खरं नव्हतं. जेवायला बसला की पोटरीत गोळा यायचा आणि तो ताटासमोरून टुणकन उभा राहायचा. जिना पुन्हा मोठा वाटायला लागला. आणि हृदय, ते कधी नव्हे ते चाळे करू लागलं. तीन ठोके नीट द्यायचं आणि चौथा गिळायचं. बायकोने छातीला कान लावून ऐकलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

“अहो, हे मध्येच थांबतंय.”

“आकडा सुधारतोय ना?”

“आकडा सुधारतोय,” ती रडवेली होऊन म्हणाली, “पण तुम्ही बिघडताय.”

दोघं तडक डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी छाती तपासली, मेहुण्याच्या गोळ्या तर घेत नाही ना, असं दरडावून विचारलं, कारण मेहुणा त्यांच्याकडेही डबा दाखवून गेला होता.

“नका घेऊ. सेलेनियम कमी पडलं तर स्नायू बिघडतो हे खरं, पण जास्त झालं तर तेच विष. जस्ताचा मारा केला की ते तांब्याला हुसकावून लावतं. आणि कोबाल्ट? एकेकाळी बिअरचा फेस टिकावा म्हणून त्यात घालत. पिणाऱ्यांची हृदयं फुगून माणसं मेली.”

“म्हणजे कमी पडलं तरी मरण आणि जास्त झालं तरी मरण.”

“म्हणून तर मोजायचं, काका.”

“आणि मोजणारा काटाच खोटा असला तर?”

हे काका सहज बोलून गेला. आणि बोलल्यावर त्याचाच आ वासला. चार आठवडे! चार आठवडे त्याने भूत झालेला बटाटा खाल्ला, किल्ली दिली, शिक्का सोसला, आणि जो प्रश्न तो कुठल्याही दुकानात पहिल्या मिनिटाला विचारतो तो एकदाही विचारला नाही. का? तर काटा दुकानदाराचा नव्हता, डॉक्टरांचा होता. पांढरा कोट बघून ग्रॅमकाकाची अक्कल गहाण पडली होती. त्याला स्वतःचीच अशी लाज वाटली, की कानशिलं तापली.

“बाई, मला रक्त द्यायचंय. आत्ता. आणि तुम्ही तिथे उभ्या राहा.”

सुईवाल्याची खोली म्हणजे एक खुर्ची, एक पडदा, नळ्यांचा एक स्टँड आणि भिंतीवर तुमच्या सहीचा हुकूम. ‘रुग्णांच्या तक्रारी लक्षात घेता यापुढे एका रुग्णास एकच टोच मारावी व एकच लहान सिरिंज वापरावी. नळ्या अपुऱ्या भरल्यास कर्मचाऱ्यास जबाबदार धरले जाईल.’ काका खुर्चीत बसला. बाह्या वर केल्या. बायको शेजारी उभी राहिली.

“डोळे मिटा,” ती हळूच म्हणाली.

“नाही मिटणार.”

“चक्कर येईल तुम्हाला.”

“आली तर धर मला. पण मी बघणार.”

सुई शिरली. काकाला दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, पण त्याने डोळे ताणून उघडे ठेवले. सुईवाल्याने सिरिंज भरली. आधी जांभळ्या बुचाची नळी रेषेपर्यंत भरली, आणि थोडी वरही. उरलेलं पिवळ्या बुचाच्या नळीत सोडलं. पिवळी अर्धीच भरली. सुईवाल्याने गाणं गुणगुणत जांभळ्या नळीचं बूच काढलं आणि तिच्यातलं वरचं रक्त पिवळीत ओतलं. दोन्ही नळ्या रेषेला लागल्या. जसं काही दूधवाला दोन तांबे सारखे करतोय!

“थांब!” काका ओरडला. हाच तो आवाज, ज्याला भर बाजारात शटरं खाली येतात. सुईवाल्याची गुणगुण घशातच अडकली.

“काय झालं काका?”

“हिच्यातलं तिच्यात का ओतलंस?”

“तुमचंच रक्त आहे हो, दुसऱ्याचं थोडंच ओतलं! टोच एकच मारायची, नळ्या पूर्ण भरायच्या. दोन्ही कसं जमणार? रोज असंच करतो.”

“जांभळ्या नळीत आधीपासून काय असतं?”

“काही नाही. तळाला जरासं औषध असतं. रक्त गोठू नये म्हणून.”

“जरासं म्हणजे किती? आणि कसलं?”

सुईवाल्याने खांदे उडवले आणि डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या कसनुशा आवाजात म्हणाल्या, “पोटॅशियमचं मीठ. काका, त्या नळीत पोटॅशियमचं मीठ असतं. आणि ते कॅल्शियम खाऊन टाकतं. म्हणून तुमचं कॅल्शियम चार... अरे देवा.”

“म्हणजे मी केळी खाल्ली नाहीत,” काका म्हणाला, “माझ्या नळीने खाल्ली.”

पण ग्रॅमकाका बोलण्यावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. काटा खोटा आहे असं नुसतं म्हणून चालत नाही, सिद्ध करावं लागतं. त्यासाठी ज्याचं वजन ठाऊक आहे अशी एखादी वस्तू काट्यावर ठेवावी लागते. त्याने खोलीभर नजर फिरवली. सगळ्यात धडधाकट वस्तू सुईवालाच होता.

“बस खुर्चीत.”

“मी? मला काय झालंय?”

“तेच बघायचंय.”

बाईंनी स्वतः सुई धरली. सुईवाल्याच्या एका दंडातून एकच लहान सिरिंज, जांभळी आधी, मग पिवळी, मग हिच्यातलं तिच्यात, तेही त्याच्याच हाताने. आणि दुसऱ्या दंडातून सरळ, न ओतता. काकाचीही तशीच सरळ नळी घेतली. चार नळ्या यंत्राकडे गेल्या. वीस मिनिटांनी कागद आले.

ओतलेल्या नळीत सुईवाल्याचं पोटॅशियम नऊ पूर्णांक सात. न ओतलेल्या नळीत चार पूर्णांक तीन.

सुईवाल्याने फक्त पहिला कागद वाचला. त्याची पाचावर धारण बसली. तो खुर्चीतून घसरत जमिनीवर आडवा झाला आणि छातीवर हात घेऊन म्हणाला, “माझ्या आईला बोलवा.”

“ऊठ रे,” बायको म्हणाली, “तू मेलेला नाहीस. नुसता अपात्र आहेस.”

काकाचे आकडे बघून मात्र कोणी हसलं नाही. ओतलेल्या नळीत आठ पूर्णांक दोन. सरळ नळीत दोन पूर्णांक आठ. साहेब, नीट वाचा. चार आठवडे ज्याचं पोटॅशियम जास्त म्हणून तुम्ही पिळून काढत होतात, ते मुळात ठीक होतं आणि तुमच्या औषधाने दोन पूर्णांक आठवर आलं होतं. त्याच्या जोडीने मॅग्नेशियमही वाहून गेलं होतं. चौथा ठोका हृदय उगाच गिळत नव्हतं. अजून एक आठवडा ती भुकटी चालली असती, तर तुमचा पहिला कागद खरा ठरला असता.

“दोघांतही पाच पूर्णांक चारचाच फरक,” काका कागद पाहत पुटपुटला. एवढ्या भानगडीतही त्याला राहवेना. “काट्याचा शून्यच सरकलाय, पण हात काय मापात आहे याचा! थेंब इकडचा तिकडे नाही.” सुईवाला जमिनीवरूनच ओशाळून हसला.

काकाला तिथेच पलंगावर घेतलं. मॅग्नेशियम आणि पोटॅशियमची बाटली थेंबथेंब लावली. भुकटी आणि लघवीची जोरकस गोळी बंद, बारकी गोळी पुन्हा चालू. बायको बाहेर गेली आणि दोन्ही हातांत केळ्यांचे घड घेऊन आली. “खा,” ती म्हणाली. “अगं एक पुरे, आता उगाच—” “खा म्हणते ना!” बाईंनी मध्ये पडून तिसऱ्या केळ्यावर तिला थांबवलं. पाचव्या दिवशी सरळ नळीत चार पूर्णांक एक. ठोके कवायतीसारखे.

मग काका कागद घेऊन तुमच्या खोलीत आला. आठवतं? तो उभा होता, तुम्ही सह्या करत होतात.

“साहेब, चूक नळीची होती. हे नवे आकडे. माझा अपात्रतेचा शिक्का काढा, खातं पेटी देत नाही.”

“नोंदवलेला अहवाल बदलता येत नाही.”

“पण तो खोटा आहे.”

“खोटा असेल. नोंदवलेला आहे.”

“मग मी काय करू?”

“पुढच्या वार्षिक तपासणीला या.”

“साहेब, पुढची तपासणी वर्षाने. मी तीन वर्षांनी निवृत्त होतो. त्यातलं एक वर्ष मी फ्रिजकडे बघत बसू?”

“पुढचा,” तुम्ही म्हणालात. काकाच्या मागे कोणीही नव्हतं.

तो बाहेर आला आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसला. आज बाकावर जागा होती. समोर सुईवाल्याच्या खोलीपुढे रांग होती, चाळीसेक माणसं, बाह्या वर केलेली. भिंतीवर तुमचा हुकूम तसाच. सुईवाला आता हिच्यातलं तिच्यात ओतत नाही, डॉक्टरीणबाईंनी त्याला शपथ घातली आहे. तो गुपचूप दुसरी टोच मारतो आणि तुमच्या भीतीने ती कुठे लिहीत नाही. ग्रॅमकाकाची पेटी खात्याच्या कपाटात बंद आहे. बाजारातले काटे मोकाट आहेत. त्याला पाहिलं की दुकानदार आता खरोखर मनापासून ‘बसा’ म्हणतात, आणि तेच त्याला सगळ्यात जास्त झोंबतं.

आता उत्तर द्या, साहेब. तोंडी नको, लेखी द्या, तुमच्याच शिक्क्याने. एकाच पद्धतीने भरलेल्या नळीत ग्रॅमकाकाचं पोटॅशियम नऊ पूर्णांक सहा निघालं आणि सुईवाल्याचं नऊ पूर्णांक सात. दोन्ही अहवाल तुमच्या दप्तरी नोंदवलेले आहेत, आणि नोंदवलेला अहवाल बदलत नसतो. मग नऊ पूर्णांक सहावाला घरी आणि नऊ पूर्णांक सातवाला तुमच्या नोकरीवर, हे कसं? दोघांतला मेलेला कोण? आणि तो हुकूम भिंतीवर लागल्यापासून त्या खुर्चीत जेवढी माणसं बसली, त्यांतल्या कितींना तुम्ही ती भुकटी पाजलीत, आणि त्यातली आज किती चालतीबोलती आहेत? नावनिशीवार यादी द्या. कधी देताय?